सांगलीच्या विश्रामबागचं 'पैसा आणि समाधान' शिबिर: जावा, पण पाकीट सांभाळून

मला वाटलेलं नेहमीसारखं पॉझिटिव्ह विचार करा, टाळ्या वाजवा वगैरे असणार, पण सर अर्थशास्त्राचे निघाले. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ ला मांडलेलं, की हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं जास्त लागतं, ते सरांनी आपल्या हळदीवरून सांगितलं, म्हणजे भाव पडला की माणूस खरेदीच्या दराला चिकटून बसतो, तोटा घ्यायचा नाही म्हणून पोती तशीच ठेवतो आणि तिकडं व्याज, गोडाऊनचं भाडं चालूच. मागं बसलेले मार्केट यार्डातले काका जाम हसत होते, बहुतेक घरचीच गोष्ट.

ईस्टरलिन या अर्थतज्ज्ञाचं १९७४ चं म्हणणं पण भारी वाटलं. एकाच देशात श्रीमंत जास्त सुखी दिसतात, पण सगळ्यांचंच उत्पन्न वाढलं तर सरासरी सुख त्या मानानं वाढत नाही, कारण आपण बघतो शेजाऱ्याच्या गाडीकडं. यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत हेही सरांनी लपवलं नाही.

प्रश्नांना वेळ फार कमी. आणि शेवटी 'आजच भरा, नाहीतर सूट जाईल' म्हणून पुढचा कोर्स, अहो सकाळी शिकवलेलं दुपारी आमच्यावरच वापरता होय! नाही भरले पैसे. पोहे एक नंबर होते मात्र.