व्हाइट क्लाउड मिनो: इंदूरमध्ये नोव्हेंबर ते जून

‘हिटर न लागणारा मासा’ म्हणून हा विकला जातो, आणि इंदूरच्या थंडीपुरतं ते अगदी खरं आहे. हा मूळचा चीनमधल्या ग्वांगझौजवळच्या बैयुन डोंगरातल्या ओढ्यांचा. जानेवारीत टाकीचं पाणी 17-18 अंशांवर असतं, तेव्हाच तो खरा खुलतो. दोन नर पंख ताणून एकमेकांभोवती गिरक्या घेऊ लागले, की लाल शेपूट आणि डोळ्यापासून निघालेली चंदेरी रेघ लांबूनही उठून दिसते. 28 अंशांत तोच मासा फिका पडतो.

दोन फुटी टाकी (24×12×12 इंच, सुमारे 50 लिटर पाणी), दहा मासे, स्पंज फिल्टर आणि वर जाळी, एवढं पुरतं. जाळी मात्र हवीच, हे उडी मारतात. नर्मदेच्या नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घालावं.

खरी परीक्षा मे महिन्यात. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात; त्यात माशाची गरज मात्र वाढलेली. हे मासे एरवीही वरच्याच थरात फिरतात, म्हणून ‘वर आले’ ही खूण धरू नका, कल्ल्यांकडे बघा. ते भराभर हलत असतील तर एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा दगड) लगेच वाढवा आणि खाणं निम्म्यावर आणा.

बर्फाच्या बाटलीवर विसंबू नये. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली 50 लिटर पाणी जेमतेम एका अंशाने उतरवते, आणि ती वितळली की पारा परत चढतो. त्यापेक्षा कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा काठावर तिरका बसवा, वारा थेट पाण्यावर. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने पाणी तीनेक अंश खाली राहतं. कूलरच्या दमट हवेत किंवा पाऊस सुरू झाल्यावर तो गुण कमी येतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. बोअरिंगचं घालत राहिलात तर क्षार साठत जातात. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप जवळ असू द्या.

पश्चिमेच्या उन्हाने तापणारी खोली असेल तर हा मासा घेऊच नका. गोल्डफिशसोबतही नको, मोठा झाला की तो यांना गिळतो. घ्यायचे तर ऑक्टोबरअखेर. दुकानात ते बहुधा गप्पीच्या गरम टाकीत असतात, तेव्हा पोट आत गेलेले घेऊ नका आणि पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवूनच मासे सोडा.