२ लाख किलोमीटरपुढची डिझेल डिझायर: ११ महिने, २१,४०० किलोमीटर आणि देखभालीचा पूर्ण हिशेब

गाडी २०१४ ची डिझेल डिझायर, सेकंड हँड. घेतली तेव्हा मीटर २,०८,६०० वर होतं, आज २,३०,००० वर आहे. रोजचं धावणं परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात आणि महिन्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगर. ११ महिन्यांत फक्त देखभालीवर ३९,९५० रुपये गेले, म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ८७ पैसे. पण यातले २६,५०० रुपये आधीच्या मालकाकडून राहून गेलेल्या कामांचे आहेत आणि ती कामं पुन्हा लवकर निघत नाहीत. नेहमीचा खर्च १३,४५० रुपये, किलोमीटरमागे ६३ पैसे. डिझेलच किलोमीटरला साडेचार रुपयांच्या वर जातं, त्यापुढे हे ६३ पैसे जड नाहीत.

इंजिन १२४८ सीसीचं, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल बंद केलं, तरी हेच इंजिन रिट्झ, अर्टिगा, व्हिस्टा, मांझा, पुंटो यांतही होतं. त्यामुळे स्पेअरची अडचण नाही, आणि लातूर-नांदेडच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीचा हात या इंजिनावर बसलेला आहे.

सगळ्यात मोठा खर्च चेन किटचा: चेन, टेन्शनर, गाइड, लिक्विड गॅस्केट आणि मजुरी मिळून ११,५००. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवायला, बेल्ट नसून चेन असल्याने ‘चेनला आयुष्यभर बघायचं नाही’ असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल उशिरा बदललं की ते घट्ट काळं होतं, टेन्शनर चेनला ताण धरत नाही आणि चेन सैल पडते. सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद खळखळ आवाज आला, तर ही त्याची सूचना. सैल चेन गिअरच्या दातावरून उडाली की व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात, हेड उघडावं लागतं आणि ते बिल ३० हजारांच्या आत सुटत नाही. जुनी गाडी घेताना ऑइलचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. आत काळा चिकट थर दिसला आणि सर्व्हिसच्या पावत्या नसतील, तर चेनचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा.

काम करून घेताना समोर उभं राहावं. चेनने जोडलेले कॅम आणि क्रँक हे दोन शाफ्ट लॉक करायची पिन लागतेच. खुणा करून अंदाजाने चेन बसवणाऱ्याकडे गाडी देऊ नका. दुसरी गोष्ट, कव्हरवरचा जुना गॅस्केटचा थर खरवडताना त्याच्या चिंध्या इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये पडतात. त्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकल्या की दाब कमी होतो, मग नव्या टेन्शनरचा उपयोग काय? चेंबर खाली घेऊन जाळी धुऊनच बसवायला सांगा.

ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, फिल्टरसह सव्वातीन लिटरच्या आसपास लागतं. कंपनीचं अंतर १०,००० किलोमीटरचं आहे. या वयाच्या इंजिनाला ७,५०० वर बदललं. तीन वेळचे ६,३०० झाले आणि यातला एक रुपयाही वाया गेला असं वाटत नाही. फिल्टर कागदी एलिमेंटचा आहे. झाकणाची रबरी रिंग नवी टाकली का, हे विचारा. जुनीच ठेवली की तिथून ऑइल पाझरतं आणि दोष उगाच टर्बोवर जातो. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे नको. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीतून, इंटरकूलरच्या पाइपात जातं.

आता पाण्याचं. मराठवाड्यात डिझेल इंजिनचा सगळ्यात जास्त घात बोअरच्या पाण्याने होतो. बोअरचं पाणी जड, क्षाराचं. कूलंट कमी दिसलं की ढाब्यावरची बाटली ओतली जाते. ते क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुन्यासारखे बसतात. थंडीत काही जाणवत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ च्या वर गेला, एसी चालू असला आणि गाडी कन्नडच्या घाटात चढाला लागली की काटा वर सरकतो. या गाडीची कूलंटची बाटली काढली तेव्हा तळाला तपकिरी गाळ होता. इंजिन थंड असताना सगळं काढलं, हिटर गरमवर ठेवून डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा धुतलं. प्रत्येक वेळी वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागतं, कारण तोवर थर्मोस्टॅट उघडत नाही आणि रेडिएटर धुतलाच जात नाही. नंतर कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज आणि झाकणही नवं. एकूण ३,९००. डिकीत आता पाच लिटर डिस्टिल्ड पाण्याचा कॅन कायम असतो.

रेडिएटर बाहेरूनही चोंदतो. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी रस्त्याकडेला चालते, त्याचं भुसकट एसीच्या कंडेन्सरवर गादीसारखं बसतं. ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपाने धुवायचं. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की जाळीचे बारीक पत्रे दुमडतात आणि हवा कायमची अडते. एअर फिल्टरही याच हंगामानंतर बदलला, मीटर बघून नाही. दोन फिल्टरचे ७००, एसी फिल्टर २५०.

डिझेल फिल्टर १,१५०. बसवल्यावर हवा पूर्ण काढूनच सेल्फ मारावा, नाहीतर बॅटरी बसते. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काढून काजळी हाताने साफ केली, ८५०. पिकअपमध्ये फरक लगेच कळला. टाकीत ओतायच्या औषधांवर मात्र पैसे घालू नका.

खालच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या कामाला आपल्याकडे पर्याय नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश त्यातच जातात. टायर आतल्या कडेने झिजत होते, स्पीडब्रेकरवर टकटक येत होती. दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड आणि अलाइनमेंट, सगळं मिळून ७,८००. नुसते बुश दाबून बसवणं स्वस्त पडतं, पण बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्मच घ्या, म्हणजे मजुरी दोनदा जात नाही. अलाइनमेंट मात्र आर्म बसवल्यानंतरच.

गाडी वर घेतली होती तेव्हा ड्राइव्ह शाफ्टच्या एका रबरी बूटला बोटाएवढी चीर दिसली, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं होतं. दोन्ही बूट, ग्रीस आणि मजुरी १,४००. तीच चीर राहिली असती तर आत माती जाऊन जॉइंट खराब झाला असता आणि अख्खा शाफ्ट घ्यावा लागला असता. दर सर्व्हिसला टॉर्च लावून हे चारही बूट बघावेत, त्याचे पैसे कोणी घेत नाही.

बाकी ब्रेक पॅड, मागचे ड्रम साफ करणं आणि ब्रेक ऑइल २,९५०, गिअर ऑइल १,२५०, फॅन बेल्ट आणि त्याचं बेअरिंग १,९००.

क्लच अजून बदललेला नाही. चौथ्या गिअरला ४० च्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर वेग आणि आरपीएम अजून बरोबरच चढतात, म्हणजे प्लेट घसरत नाही. पण पेडल बरंच वर आलंय. गिअरबॉक्स उतरेल तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील एकाच वेळी टाकून घ्यायचं ठरवलंय. त्यासाठी १० ते १२ हजार बाजूला ठेवलेत.