सरळ रुळांसाठी काय घ्यावं: तयार तुकडे की फ्लेक्स ट्रॅक?

मॉडेल रेल्वेत वळण थोडं चुकलं तरी खपतं, सरळ रेषेत मात्र काही लपत नाही. टेबलाच्या टोकाशी वाकून, एक डोळा मिटून रुळांच्या पातळीवरून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून तयार तुकडे घ्यावेत की फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारी रुळांची लांब पट्टी), हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

समजा, एचओ मापात (प्रमाण १:८७, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) तीन मीटरची सरळ लाइन टाकायची आहे. तयार तुकडा साधारण ९ इंचांचा, म्हणजे २२९ मिमी. असे तेरा तुकडे लागतील, त्यांचे बारा सांधे होतील आणि प्रत्येक सांध्याला दोन जॉइनर, म्हणजे रुळांची टोकं जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्या. फ्लेक्स ट्रॅकची पट्टी सहसा ९१४ मिमीची असते, त्यामुळे सांधे तीनच. खरा फरक इथेच पडतो. प्रत्येक जॉइनरमध्ये किंचित ढिलाई असते, म्हणून एकेक तुकडा कितीही सरळ असला तरी सांध्यागणिक केसाएवढा कोन साठत जातो. शिवाय इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, त्यामुळे जॉइनर सैल झाला किंवा गंजला की त्यापुढे इंजिन मंदावतं. जागोजागी फीडर वायर (रुळाला थेट वीज पुरवणारी तार) सोल्डर केली तर हा त्रास टळतो, पण मग तयार तुकड्यांची सोय ती काय राहिली?

फ्लेक्सचा दोष अगदी उलटा. हातात धरला की तो सापासारखा लवतो आणि डोळ्याच्या अंदाजाने बसवला तर हमखास नागमोडी होतो. लांब स्टीलची पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप रुळाला टेकवूनच तो चिकटवावा. खिळा मारत असाल तर जपून: जास्त ठोकला तर स्लीपर मध्ये दबतो, गेज आवळतं आणि डबे तिथेच उतरतात. कापायला रेल कटर लागतो आणि जॉइनर बसायला टोकाच्या स्लीपरांची पकड काढावी लागते. पहिल्या दिवशी हे कंटाळवाणं वाटतं, कबूल.

सगळे सांधे सोल्डर करण्याचा मोह मात्र आवरा. तापमान २० अंशांनी वाढलं तर तीन मीटरचा निकेल सिल्व्हरचा रूळ जवळपास एक मिमी लांबतो. हवेतल्या दमटपणाने लाकडी बेसबोर्ड हलतो तो वेगळाच. एक-दोन सांधे बारीक फट ठेवून मोकळे सोडावेत.

आराखडा अजून बदलत असेल, किंवा खेळून झाल्यावर रूळ उचलून ठेवायचे असतील, तर बिनदिक्कत तुकडे घ्या. लेआउट कायमचा असेल आणि सरळ भाग मीटरभराहून मोठा असेल, तर मी फ्लेक्सच घेईन. यार्डात तुकडे आणि मुख्य लाइनला फ्लेक्स असंही जमतं, फक्त रुळाची उंची जुळायला हवी. ही उंची ‘कोड’ने सांगतात: कोड १०० म्हणजे २.५४ मिमी आणि कोड ८३ म्हणजे २.११ मिमी, हे दोन जोडायचे तर त्यासाठीचे खास जॉइनर आधीच आणून ठेवा.