जुन्या डिझेल पिकअपची मिसिंग पकडून देणारं वाडीचं गॅरेज

ज्यांच्याकडे जुना डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल पिकअप आहे, मेकॅनिकल डिझेल पंपवाला, कॉम्प्युटर बिम्प्युटर काही नाही, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. माझी गाडी २००९ ची, सव्वादोन लाखाच्या वर चाललेली. कोंढाळीकडून संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला आणायचा, हेच तिचं काम. ह्या फेब्रुवारीत मृग बहाराचा माल निघाला आणि तेव्हाच तिनं मिसिंग सुरू केली, म्हणजे एखादा सिलिंडर पेटतच नाही.

सकाळी थंडी गाडी एका सेल्फमध्ये चालू, आवाज एकदम गोल. बाजारगाव जाईपर्यंत कुठं काही नाही. गोंडखैरीच्या पुढं आली की झटके, पिकअप गायब, सायलेन्सरमधून फट फट, आणि मागं पांढरा धूर. पांढरा धूर म्हणजे डिझेल जळत नाहीये, कच्चंच बाहेर पडून राहिलं. काळा असता तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असता तर ऑइल. इतकं मलाही माहीत होतं, पण डिझेल काहून जळत नाही हे कोण सांगणार.

आधी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये टाकली, नाव नाही घेत. त्यांनी ऐकलं, म्हणाले नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले, चारही बदला. सोबत डिझेल फिल्टर नवा, लाइन हवा घेते म्हणून वायसर बदलले. ११,४०० रुपये दिले. दुसऱ्याच दिवशी माल भरून निघालो आणि गोंडखैरीला परत तेच. परत गेलो तर म्हणे आता पंप उघडावा लागेल, २२ हजार धरून चाला. खरं सांगतो, त्या दिवशी फार वाईट वाटलं. नोझल जुने झाले असतीलही, पण कोणता सिलिंडर मरून राहिला हे एकदाही न पाहता चारही बदलायचे म्हणजे अंदाजाचे पैसे माझ्या खिशातून.

मग एका ट्रान्सपोर्टवाल्या भावानं नागपूरजवळच्या वाडीचं हे गॅरेज सांगितलं. अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत, पत्र्याचं शेड, बाहेर पाच सहा पिकअप आणि एक दोन टाटा ४०७ ट्रक उभे असतात. मिस्त्रीकाका साठीच्या आसपासचे. मी गाडी लावून चावी फिरवणार तर लांबूनच ओरडले, "भाऊ, बंद नका करू, गरमच पाहिजे मले." तिथंच मला वाटलं की आपण बरोबर जागी आलो. कारण गाडीचा रोगच गरम झाल्यावरचा होता आणि आधीच्या गॅरेजनं ती रात्रभर उभी ठेवून सकाळी थंडीच पाहिली होती.

इंजिन आयडलला ठेवून काकांनी १७ चा पाना घेतला आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा थोडा ढिला केला. पहिला ढिला केला, इंजिन बसलं, हादरलं. नट परत कसला, ठीक झालं. दुसरा, तसंच. तिसरा ढिला केला तर काहीच फरक नाही, ढिला ठेवा की कसा, आवाज तोच. चौथ्याला परत बसलं. म्हणजे तिसरा आधीच काम करत नव्हता. दोन मिनिटांचं काम, एक रुपयाचा पार्ट नाही. मी जवळ वाकलो तर मला मागं सारलं, डिझेलची धार इतक्या दाबानं येते की कातडीत घुसते, दवाखान्यात जावं लागते. आणि हेही बजावलं की कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाडीवर हे कधीच करायचं नाही, तिथला दाब ह्याच्या कितीतरी पट असतो.

मग त्यांनी तिसऱ्याचा नोझल काढून पहिल्याला लावला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. नोझल खराब असता तर मिसिंग पहिल्यावर यायला पाहिजे होती. नाही आली, तिसऱ्यावरच राहिली. मला हेच सगळ्यात जास्त पटलं. पंप मरत असता तर, हे विचारलं तर तिसऱ्याचा पाइप ढिला करून दाखवला, डिझेल बाकीच्यांसारखंच थपथप येऊन राहिलं होतं. मग २२ हजाराचा पंप कशाला उघडायचा?

आता उरलं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब. बॅटरी आधी चार्जिंगवाल्यावर जोडली, कारण सेल्फ हळू फिरला तर रीडिंगच खोटं येते. नोझल काढून त्या जागी दाब मोजायच्या गेजचा डमी बसवला आणि डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला. पहिल्याला ३८० पीएसआय, दुसऱ्याला ३९०, चौथ्याला ३८५, आणि तिसऱ्याला २४०. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, दाबानं हवा तापते आणि त्याच्यावरच डिझेल पेटते, दाब नाही तर पेटणार काय. मला वाटलं गेलं आता, पिस्टन रिंग, बोअर, ४० हजार.

काका म्हणाले थांबा, इतक्यात हेड (इंजिनचा वॉल्ववाला वरचा भाग) नाही उघडत. टॅपेट कव्हर काढलं, तिसरा सिलिंडर वर आणून, दोन्ही वॉल्व बंद अशा जागी, वॉल्व उघडणारा पुश रॉड बोटांनी फिरवून पाहिला. इनटेकचा फिरला. एक्झॉस्टचा जाम. गॅप मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीही जात नव्हती. म्हणजे वॉल्व पूर्ण बसतच नव्हता. थंडीत कसाबसा बसायचा, गरम झाला की लांबी वाढून केसभर उघडा राहायचा आणि तिथून कम्प्रेशन निघून जायचं. एक्झॉस्ट वॉल्व जास्त तापते म्हणून त्याची गॅप जास्त ठेवतात, आणि जुन्या इंजिनमध्ये वॉल्व जिच्यावर बसतो ती सीट झिजून वॉल्व वर सरकला की तीच गॅप संपते. हे त्यांनी मला वॉल्व दाखवून समजावलं, घाई नाही, चिडचिड नाही. चार महिने कोंढाळी ते गोंडखैरी मनात जे कोडं होतं ते तिथं सुटलं.

गाडी थंडी होईपर्यंत तीन तास बसलो, मग आठही टॅपेट, म्हणजे वॉल्वच्या गॅप, मापात केले, कव्हरचं पॅकिंग नवं. परत गरम करून तिसऱ्याचं कम्प्रेशन घेतलं, ३५५. बाकीच्यांपेक्षा कमी आहे आणि ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. बिल १,४५० रुपये, पॅकिंग धरून.

तक्रारी पण आहेत. बसायला जागा नाही, एक तुटकी खुर्ची आणि टायर, एप्रिल मे मध्ये पत्र्याखाली उभं राहणं कठीण, पाणी सोबत न्या. फोन उचलत नाहीत. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितलं तर कागदावर लिहून देतात. सकाळी ९ च्या आत नाही गेले तर नंबर दुसऱ्या दिवशी. आणि गाडी गरमच घेऊन जा, नाहीतर ते परत रिंग रोडवर एक चक्कर मारून या म्हणतात.

दोन हजार किलोमीटरवर परत बोलावलं होतं, गेलो. तिसऱ्याची एक्झॉस्ट गॅप थोडी कमी झालीच होती, परत मापात केली. काका म्हणाले, अजून एकदा अशी घटली तर सीट बसवावी लागेल, हेड उघडू, पण आंबिया बहाराचा माल सुरू व्हायच्या आधी करून टाकू, म्हणजे मालाच्या टाइमला गाडी उभी नाही राहणार. ऑगस्टमध्ये टाकतोय. हेडचं काम कसं झालं ते इथंच लिहीन.