सिंगल-शॉट पिस्तूल: काही महिने वापरल्यावर, खासकरून मिसफायरबद्दल

नळी खाली मोडायची, एकच काडतूस हाताने भरायचं, नळी मिटायची, हॅमर (ठोका मारणारा घोडा) मागे ओढायचा. अशा पद्धतीचं हे पिस्तूल गेले काही महिने मी रेंजवर नियमित वापरतोय. अचूकतेबद्दल तक्रारीला जागा नाही. ट्रिगर हलका आहे आणि कुठेही न अडखळता सुटतो. नळ्या बदलता येतात, माझ्याकडे .२२ लाँग रायफल, .३५७ मॅग्नम आणि .२२३ रेमिंग्टन या काडतुसांच्या अशा तीन आहेत. त्यातल्या .२२३ने छळलं. हॅमर पडायचा, नुसता 'टक' आवाज यायचा आणि बार उडायचाच नाही.

बार उडाला नाही की आधी काय करायचं ते सांगतो. नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबायचं. प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटून दारूला आग लावणारी काडतुसातली टिकली, उशिरा पेटू शकतो, आणि नेमकी तेव्हा नळी उघडी असली तर पुंगळीला (काडतुसाच्या पितळी कवचाला) मागून कसलाच आधार नसतो. आवाज दबका आला असेल तर पुढची गोळी भरण्याआधी आधीची नळीत अडकलेली नाही ना, आरपार उजेड दिसतोय ना, हे बघितलंच पाहिजे. यात तडजोड नाही.

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो: हॅमरची स्प्रिंग जड टाका. मला तो घाईचा वाटतो. हॅमर आणि स्प्रिंग तिन्ही नळ्यांना एकच, आणि .३५७चे सगळे बार व्यवस्थित उडत होते. अर्थात एवढ्यावरून स्प्रिंग निर्दोष ठरत नाही. .३५७मध्ये पिस्तुलाचा प्रायमर असतो, .२२३मध्ये रायफलचा, रायफलच्या प्रायमरची वाटी जाड असते, तिला ठोका जोरात लागतो. कमजोर स्प्रिंग आधी तिथेच उघडी पडणार. पण कंपनीची तयार .२२३ काडतुसंही विनातक्रार उडत होती. रुसत होती ती फक्त घरी पुन्हा भरलेली. म्हणजे ठोका पुरेसा होता, काडतुसापर्यंत तो पुरा पोचत नव्हता.

न उडालेल्या काडतुसांची बुडं भिंगाखाली धरली. प्रायमरवरचा खळगा मधोमध होता, म्हणजे फायरिंग पिन (हॅमरचा ठोका प्रायमरपर्यंत नेणारी सळई) सरळ बसत होती. पण खोली नव्हती. पिन काढून पाहिली तर टोक गोल, शाबूत. पिनच्या वाटेत जुनं, घट्ट झालेलं तेल निघालं. ते सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण कोरडं केलं. थोडा फरक पडला, दुखणं गेलं नाही.

खरं दुखणं हेडस्पेसचं होतं, म्हणजे काडतूस आत अडतं तिथपासून त्याच्या बुडामागच्या आधारापर्यंतच्या जागेचं. .३५७चं काडतूस बुडाच्या कडेवर अडतं, .२२३ला तशी कड नाही. ते खांद्यावर, म्हणजे पुंगळी निमुळती होते त्या उतारावर, अडतं. पुंगळी पुन्हा आकारात आणताना डाय (आकार देणारा साचा) जास्त खाली बसवली की खांदा मागे ढकलला जातो आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या त्याच्या जागेत, सैल बसतं. मोडणाऱ्या पिस्तुलात त्याला मागे धरून ठेवणारं काही नसतं. पिन आदळली की काडतूस आधी पुढे सरकतं, आणि आधार नसलेल्या फळीत खिळा ठोकावा तसा ठोका वाया जातो. दुसरी खूण उडालेल्या पुंगळ्यांवर सापडली: बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं. तिथे पितळ ताणून पातळ होत असतं. ही खूण दिसली तर ती पुंगळी फेकून द्या. तिथेच ती दोन तुकडे होते.

डाय थोडी वर घेतली आणि खांदा इंचाच्या एक-दोन हजारांशाहून जास्त मागे जाणार नाही, असं गेजने मोजून ठरवलं. त्यानंतर .२२३ सुतासारखी सरळ झाली. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. काडतूस लांब राहिलं तर नळी पुरती मिटत नाही, कुलूप अर्धवट बसतं आणि हॅमरचा ठोका पुन्हा अर्धाच पडतो. लक्षण तेच, कारण नेमकं उलटं! नळी जोर न लावता मिटली पाहिजे आणि कुलूप पूर्ण बसलं पाहिजे.

पहिल्या ठोक्याला न उडालेलं काडतूस दुसऱ्याला उडत असेल तर संशय प्रायमरवर घ्या. तो पुंगळीच्या बुडातल्या आपल्या खोबणीच्या तळाला टेकलेला नसला तर पहिला ठोका त्याला बसवण्यातच जातो. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा इंचाच्या ३ ते ५ हजारांश आत हवा. बोट फिरवलं तरी वर आलेला प्रायमर कळतो. खोबणीतली काजळी खरवडायचा कंटाळा करू नये.

.२२ची गोष्ट निराळी. तिथे स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि कधी ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ३० सेकंद थांबून काडतूस थोडं फिरवून पुन्हा लावलं की बहुतेकदा उडतं. तेही एकाच लॉटमध्ये वारंवार होत असेल तर तो लॉट बदला. आणि .२२ची नळी लावून रिकामा ट्रिगर ओढू नका. पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, तिथे धातू दबून वर येतो आणि मग काडतूस पुरतं आत बसत नाही.

एक तक्रार मात्र बनवणाऱ्यांकडे आहे. मॅन्युअलमध्ये मिसफायरसाठी 'पिस्तूल दुरुस्तीला पाठवा' एवढीच ओळ आहे. हेडस्पेसवर अर्धं पान हवं होतं. जड स्प्रिंग मी अजून टाकलेली नाही, कारण ती टाकली तर हा सुरेख ट्रिगर जड होईल. पिस्तूल घ्यावं का, तर .३५७ आणि .२२साठी बिनधास्त घ्या. .२२३ घेणार असाल आणि काडतुसं स्वतः भरणार असाल, तर हेडस्पेसचा गेज त्याच दिवशी घ्या.