गळका एक्झॉस्ट: पट्टी, वेल्डिंग की नवा पाइप?

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. एक्झॉस्टचं, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचं, काम धड करायचं तर याच दिवसांत. हर्णै असो की मिरकरवाडा, बोट वर ओढली की जाळी, रंग, पंखा, सगळ्याची आठवण होते. एक्झॉस्ट मात्र ‘जरासा धूर येतोय, चालतंय’ म्हणत पुढच्या वर्षावर जातो.

हे चालत नाही. अनेक ट्रॉलरवर खलाशी झोपतात ती केबिन इंजिनाच्या वरच किंवा अगदी लगत असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेल इंजिन तो पेट्रोलपेक्षा कमी सोडतं हे खरं, पण दारं-खिडक्या लावलेल्या केबिनमध्ये रात्रभर साचायला तेवढाही पुरतो. डोकं दुखतं, मळमळतं आणि सगळे म्हणतात, ‘बोट लागली’. वीस वर्षं दर्यावर काढलेल्या खलाशाला सपाट समुद्रात बोट लागत असेल, तर आधी एक्झॉस्ट तपासा.

गळती कुठे आहे, त्यावर निम्मा निर्णय

टर्बोच्या (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) आधी, म्हणजे मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागावर) किंवा टर्बोच्या फ्लँजला (बोल्टनं आवळायच्या चकतीला) गळती असेल तर इंजिनच सांगतं. टर्बो फिरवणारा गॅस वाटेतच सुटतो, हवेचा दाब पडतो, बोट ओढत नाही, काळा धूर वाढतो, डिझेल जास्त लागतं. बरेचदा लोक इथे पंप आणि नोझल खोलून बसतात. टर्बोच्या पुढे, पाइपात किंवा सायलेन्सरला गळती असेल तर ताकद जवळपास तशीच राहते, म्हणून दुर्लक्ष होतं. माणसाच्या जिवाला मात्र दोन्ही सारख्याच.

शोधायचं कसं? थंड इंजिन सुरू केल्याबरोबर कान द्या. ‘टिक टिक’ आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर विरतो, कारण धातू फुगून फट मिटते. म्हणूनच मेकॅनिक दुपारी येतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही. लॅगिंग (पाइपावर गुंडाळलेलं उष्णतारोधक आवरण) काढा आणि सांध्यांवर काजळीचे काळे फराटे बघा. त्यानंतरही शंका उरली तर बंद, थंड इंजिनावर पाइपाच्या बाहेरच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा खोटं बोलत नाही. तापलेल्या पाइपाजवळ हात फिरवून वारा शोधू नका. पूर्ण भारावर आतला गॅस ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो.

तीन उपाय, शेजारी शेजारी

पट्टी आणि पुट्टी: स्वस्त, अर्ध्या तासाचं काम, आणि समुद्रात असाल तर एवढंच हाताशी. पण पुट्टी तापून कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीनं तडकते. तिच्या भरवशावर बंदरापर्यंत या, दुसरी फेरी मारू नका. तेवढ्या प्रवासात कोणी केबिनमध्ये झोपणार नाही, हे तांडेलानं (बोटीच्या कप्तानानं) बघायचं.

वेल्डिंग: पाइप एमएसचा (साध्या पोलादाचा) असेल, भोक एकच असेल आणि भोवतीचा पत्रा जाड उरला असेल तर उत्तम. आधी हातोडीनं ठोकून बघा. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर वेल्डिंगचे पैसे वाया. आज इथे शिवाल, महिन्याभरात चार बोटं पलीकडे फुटेल. बिडाच्या मॅनिफोल्डची गोष्ट वेगळी. त्याला साधा रॉड लावला की शिवणीच्या कडेनं नवीन चीर जाते. निकेलचा रॉड, आधी एकसारखं तापवणं आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू निवू देणं, एवढं करणारा वेल्डर मिळाला तरच त्या वाटेनं जा.

नवा भाग: महाग, पण चिरलेल्या मॅनिफोल्डला माझं मत निःसंशय हेच. नुसता सांधा गळत असेल तर मात्र नवा भाग घेण्याआधी फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. फ्लँज वाकलाय, एवढंच असेल तर मशीनवर तोंड सपाट करून नवं गॅस्केट पुरतं. वाकलेल्या फ्लँजवर दोन गॅस्केटं चढवू नका.

एमएस की एसएस?

नवा पाइप करायचा ठरला की हा प्रश्न येतोच, आणि इथेच जास्त पैसे वाया जातात. एसएस (स्टेनलेस स्टील) गंजत नाही म्हणून लोक घेतात, पण तो तापल्यावर जास्त लांबतो हे कोणी सांगत नाही. ३ मीटरचा पाइप ४०० अंशांनी तापला तर एमएस साधारण १४ मिलिमीटर वाढतो, ३१६ जातीचा एसएस साधारण १९. मध्ये बेलोज (लांबणं सोसणारा सुरकुत्यांचा लवचीक तुकडा) नसेल आणि पाइप दोन्ही टोकांना आवळलेला असेल, तर हा सगळा जोर शिवणींवर आणि टर्बोवर येतो. जाड एमएस काढून त्याच आधारांवर पातळ एसएस बसवला तर तो थरथरतो आणि फुटतो. एसएस घ्यायचा तर बेलोज आणि लवचीक आधार यांचा खर्च धरूनच घ्या.

दुसरं, एसएसच्या ३०४ आणि ३१६ या जाती दिसायला सारख्याच आणि चुंबकानंही ओळखू येत नाहीत. फरक ३१६ मधल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा; त्यामुळे खाऱ्या पाण्याचे खड्डे कमी पडतात. दुकानदाराकडून मटेरियलचा दाखला मागा. वेल्ड करायचा माल असेल तर ३१६एल, म्हणजे कमी कार्बनचा ३१६.

बोट पाच-सात हंगामांत विकायची असेल आणि एक्झॉस्ट कोरडा, वर जाणारा असेल तर जाड एमएसच घ्या, काही कमीपणा नाही. पाइपात समुद्राचं पाणी सोडणारा ओला एक्झॉस्ट असेल तर गरम गॅस आणि खारं पाणी एकत्र येतात त्या एल्बोला (पाइपाच्या वळणाच्या तुकड्याला) एमएस टिकतच नाही. तिथे ३१६एल, आणि तोही दरवर्षी काढून आतून बघायचा. ओल्या एक्झॉस्टची गळती मिठाच्या पांढऱ्या फराट्यांनी कळते. तो एल्बो आतून खचला तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं आणि मग खर्च पाइपाचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

जुन्या बोटीवर लॅगिंग काढताना एक सांभाळा. पांढरी, भुसभुशीत दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका, आधी भिजवा, मास्क लावा. नव्यासाठी ग्लास फायबर किंवा सिरॅमिक वूल वापरा. लॅगिंगवर डिझेल सांडून ते भिजलं असेल तर तेही बदला. मोठ्या जहाजांच्या सोलास (सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) नियमांत २२० अंशांपेक्षा जास्त तापणारे पृष्ठभाग झाकायला सांगितलेत ते उडालेल्या इंधनानं पेट घेऊ नये म्हणूनच.

काम झालं की लॅगिंग लगेच गुंडाळू नका. बोट धक्क्याला बांधून तासभर भारावर इंजिन चालवा, पूर्ण निवू द्या, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमानं पुन्हा आवळा, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाचा पहिला आवाज ऐका. मग लॅगिंग. आणि केबिनमध्ये, खलाशी डोकं टेकतात त्या उंचीला, बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.