सिलिका जेलची पिशवी, गाडीतली ओल आणि तुंबलेला ड्रेन पाइप: एका पावसाळ्याचा अनुभव

हवेतली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांच्या या पिशवीबद्दल जुलैत लिहिलं असतं, तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. आता नोव्हेंबरात मत बदललंय. ते बदललं गाडीच्या पोटाखालच्या एका बोटभर रबरी पाइपमुळे, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्या पाइपबद्दल आहे.

मुंबईत पाऊस एरवी ११ जूनच्या आसपास लागतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला आणि त्याच आठवड्यात मी एक किलोची, मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा सुकवता येणारी पिशवी मागवली. आमची गाडी पार्ल्यात बिल्डिंगच्या आवारात झाडाखाली उघड्यावर उभी असते. जुनी सोसायटी आहे, स्टिल्ट पार्किंग वगैरे काही नाही. सकाळी काचांना आतून वाफ धरलेली, सीटबेल्टवर पांढरी बुरशी आणि दार उघडलं की कुबट वास, हे पावसाळ्यात ठरलेलं. कापूर ठेवून झाला, मॅटखाली वर्तमानपत्रं घालून झाली. कापरानं फक्त वास झाकला जातो. वर्तमानपत्रं पाणी पितात, पण रोज बदलावी लागतात.

पिशवी डॅशबोर्डवर ठेवली आणि पहिला आठवडा बरा गेला. नंतर मात्र ती बघता बघता जड व्हायला लागली. पिशवी ओलीनं भरली की रंग बदलणारा वरचा ठिपका मला विश्वासाचा वाटत नाही, म्हणून कोरडं वजन मार्करने पिशवीवरच लिहून ठेवलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजत राहिलो. आठवड्याच्या आत ती पाव किलोहून जास्त पाणी प्यायलेली असायची आणि काच सकाळी तरीही धुरकट. मायक्रोवेव्हचं वीजबिल वेगळंच. पैसे पाण्यात गेले असं स्वच्छ वाटत होतं.

मग एका रविवारी आईला दादरला सोडताना ती म्हणाली, “अरे, माझ्या चपला भिजल्या. तुझ्या गाडीत पाणी कुठून येतंय?” ती पुढे डाव्या सीटवर बसली होती. मॅट उचलून कार्पेट अंगठ्यानं दाबलं, तर अंगठ्याभोवती पाणी वर आलं. मॅट वरून कोरडी होती. कार्पेटखालचा फोम मात्र पूर्ण भिजलेला.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथल्या ॲडव्हायजरनं मॅट उचलून बघितलीही नाही. ‘पावसाळ्यात होतंच, साहेब’ म्हणत इंटिरियर शॅम्पू, एसीचं निर्जंतुकीकरण आणि डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइलची सफाई असं ७,५०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. पाणी कुठून येतंय, हे विचारलं तर ‘गाडी दोन दिवस ठेवा, बघू’. ज्या पाण्याचा उगम माहीत नाही, त्यावर शॅम्पू मारून काय होणार? या गोष्टीची चीड मला अजून आहे. गाडी परत आणली.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं एकच प्रश्न विचारला, “एसी लावून गाडी चालवली की खाली पाणी ठिबकतं का?” हाच तो मुद्दा. मुंबईच्या हवेत एसी चालू असला की कूलिंग कॉइलवर भरपूर पाणी जमतं आणि ते ड्रेन पाइपमधून गाडीखाली पडतं. उन्हाळ्यात ते छोटं डबकं लगेच दिसतं. पावसात जमीन ओलीच असते, त्यामुळे ठिबकणं बंद झालं तरी कळायला मार्ग नाही. कॉइल बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. पाइप तुंबला की ते पाणी उलटं डाव्या बाजूच्या कार्पेटखाली उतरतं.

त्यानं गाडी वर घेतली, इंजिनमागच्या भिंतीतून बाहेर आलेलं रबरी टोक काढलं आणि हलकी हवा मारली. आधी काळपट गाळ पडला, त्यात झाडाच्या बारीक पानांचा लगदा, आणि मग पाण्याची धार लागली. धार बराच वेळ थांबेना. घेतले २०० रुपये. हे काम घरी करायचं असेल तर तार खुपसू नका, आतल्या पेटीला भोक पडू शकतं. आणि कार्पेटवरची ओल चिकट, गोडसर वासाची लागली तर ते एसीचं पाणी नसून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. मग गाडी थेट मेकॅनिककडेच न्या. त्याच दिवशी वायपरच्या खालच्या जाळीतला पाचोळाही काढून घेतला. तिथलं पाणी वाहून जाण्याची वाट बंद झाली की पावसाचंही पाणी आत येतं.

फोम सुकवणं हे खरं कष्टाचं काम. डावी सीट काढली, कार्पेट उचलून खाली विटा लावल्या, टॉवेलनं पाणी टिपलं आणि टेबल फॅन लावला. ऑगस्टमध्ये ऊन नसताना याला चिकाटी लागते, पण दुसरा उपाय नाही. फोम ओला असताना वरून सुकलेलं कार्पेट काही सांगत नाही.

त्यानंतर तीच पिशवी अडीच आठवडे टिकायला लागली. हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर त्या सगळ्या हवेत पाण्याची वाफ असते जेमतेम ७० ग्रॅम. तेवढी शोषायला पिशवी पुरून उरते. भिजलेल्या फोममध्ये पाणी असतं लिटरच्या हिशेबात. तिथे पिशवीला दोष देण्यात अर्थ नाही. आता सकाळी काच आतून स्वच्छ असते आणि सीटबेल्टवर पुन्हा बुरशी आलेली नाही.

काचेला बाहेरून धरणारी वाफ मात्र कुठलीही पिशवी थांबवणार नाही. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. एसीनं काच त्याहून थंड झाली की हायवेवर चालत्या गाडीच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं वाफ धरते. तेव्हा वायपर मारा, तापमान थोडं वाढवा आणि काचेवर सोडलेली थंड हवा दुसरीकडे वळवा. आतून वाफ असेल तर उलट करायचं: एसी चालू, बाहेरची ताजी हवा आत घ्यायची आणि झोत काचेवर. पेट्रोल वाचवायला एसी बंद करून फडक्यानं काच पुसत गाडी चालवणारे अंधेरी फ्लायओव्हरवर रोज दिसतात. जीव धोक्यात घालण्याइतकं ते पेट्रोल महाग नाही.

पिशवीतली खरी उणीव एकच. उन्हात ठेवून ती नीट सुकत नाही, आणि पावसाळ्यात ऊन असतंच कुठे? मायक्रोवेव्ह नसेल तर घेऊ नका. त्यापेक्षा प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या केमिकलवाल्यांकडे सिलिका जेलचे सुटे दाणे बघा. सुती कापडाची पिशवी घरी शिवता येते, दाणे तेवढे काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा कामाला तयार. निळे दाणे मात्र नकोत, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं आणि ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये जाऊ नये. कपाटात ठेवतात ते कॅल्शियम क्लोराइडचे डबेही गाडीत नकोत. त्यात जमलेलं खारं पाणी एका खड्ड्यात सांडलं की कार्पेट सुकायचं नाव घेत नाही आणि खालचा पत्रा गंजतो.

मी पुन्हा घेतली तर एक किलोची एक न घेता अर्ध्या किलोच्या दोन घेईन. एक सुकत असताना दुसरी गाडीत राहील.